चोराचा चेहरा कोण काढतो?

(पोरांसाठी काढलेल्या रहस्यकथांच्या वर्कबुकाबद्दल अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

भाषणं ठोकणं हा माझा धंदा नाय. माझा धंदा रेघा मारण्याचा. तुम्ही बोलवलंत म्हणून उभा राहिलोय. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसतायत. पोरांच्या रहस्यकथांच्या वर्कबुकातली चित्रं! हा काय विषय झाला? बाहेर काय चाललंय आणि हा गडी पुस्तकातला चोर कसा काढावा ते सांगणार! होय, तेच सांगणार. आपल्या पोराला पोलीस भेटतो, कोर्ट भेटतं, ते फार पुढं. त्याच्या आधी, सहाव्या-सातव्या वर्षी, त्याला चोराचं चित्र भेटतं. आणि ते चित्र आभाळातून पडत नाय. माझ्यासारखाच कुणीतरी टेबलावर वाकून, पानामागं इतके रुपये ठरवून, ते काढतो.

आधी हे वर्कबुक म्हंजे काय ते सांगतो. गोष्टीचं पुस्तक वाचायचं आणि मिटायचं. वर्कबुकात पोराला काम असतं. गोष्ट अर्ध्यावर थांबते, समोर पानभर चित्र येतं, खाली प्रश्न असतो: हे कुणी केलं, आणि कशावरून? उत्तर चित्रात लपवलेलं. आणि ते शोधता शोधता शिकायचं ते शिकून होतं. घड्याळ वाचणं, नकाशा वाचणं, सावली कुठल्या बाजूला पडते, मेणबत्ती तासाला किती जळते, अपूर्णांक, अंतर, वेळ. शाळेत याच गोष्टींवर जे पोरगं पेंगतं, तेच इथं डबा कुणी पळवला ते कळायला पायजे म्हणून जीव तोडून अपूर्णांक सोडवतं.

हा प्रकार आपण शोधून काढलेला नाय. जर्मनीत हान्स युर्गेन प्रेस नावाचा चित्रकार होऊन गेला. लिहिणाराही तोच, काढणाराही तोच. 'काळा हात' नावाची त्याची पोरांची टोळी, तिच्या गोष्टींचं पुस्तक १९६५ साली निघालं. एका पानावर थोडका मजकूर, दुसऱ्यावर चित्र, आणि चित्रात पुरावा. अमेरिकेत डोनाल्ड सोबोलनं १९६३ मध्ये 'एन्सायक्लोपिडिया ब्राउन' सुरू केलं. पोलीसप्रमुखाचा हुशार पोरगा, आणि उत्तरं पुस्तकाच्या शेवटी. पण सोबोलचा लबाड बहुतेक वेळा शब्दात सापडतो, चित्र फाडून टाकलं तरी कोडं जिवंत राहतं. प्रेसचं चित्र फाडा, कोडंच मेलं. मला प्रेसचा रस्ता जवळचा वाटतो. आपल्या वर्गात अडखळत वाचणारी पोरं भरपूर आहेत. सातवीत आलेलं पोरगं जोडाक्षराला अडतं, आणि त्याला सगळे ढ म्हणतात. तेच पोरगं चित्रासमोर बसवा. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय ते त्याला पहिल्या झटक्यात दिसतं, कारण आयुष्यभर त्यानं चपला शिवून आणल्यात. पहिल्या नंबरचा भिंगवाला तिथं मागं पडतो.

म्हंजे इथं चित्र शोभेला नसतं. ते साक्षीदार असतं. साक्षीदारानं खोटं बोलायचं नाय, आणि सगळं एकदम ओकायचंही नाय.

आपल्या वर्कबुकातलं तिसरं कोडं घ्या. अभ्यासिकेतला वर्गणीचा डबा गेला. संध्याकाळी लाईट गेलेली, दोन तासांनी आली, तोवर डबा गायब. खोलीत चौघं होते. प्रत्येकापुढं एक मेणबत्ती, एकाच पुडक्यातली. चौघंही म्हणतात, लाईट गेल्यापासून आम्ही जागचे हललो नाय, वाचत होतो. चित्रात तीन मेणबत्त्या जळून बुटक्या झाल्यात, मेण ओघळून बशीत साचलंय. चौथी जवळजवळ नवी, तिचे खांदेसुद्धा वितळलेले नाहीत. म्हंजे तो माणूस बराच वेळ अंधारात होता, किंवा तिथं नव्हताच. सोपं वाटतं ना? काढायला बसा म्हंजे कळेल. मेणबत्ती मधोमध काढली तर पोराला पहिल्या क्षणात दिसते, कोडं संपलं. कोपऱ्यात दडवली तर तो अन्याय होतो, पोराला वाटतं आपल्याला फसवलं. म्हणून मी आधी खोलीचा वरून नकाशा काढतो. टेबल कुठं, दार कुठं, कोण कुठं बसलंय. मग उभं राहून कुठून बघितलं तर चारही मेणबत्त्या दिसतील पण डोळा आधी भलतीकडं जाईल ते ठरवतो. त्या भलतीकडं एक चकवा ठेवतो. इथं मी एकाच्या शर्टावर शाईचा मोठा डाग ठेवलाय. पोरं त्या डागाच्या मागं धावतात, डाग निघतो फुटक्या पेनाचा, पेन त्याच्याच खिशात दाखवलंय. चकव्यालाही त्याचं उत्तर चित्रातच मिळालं पायजे, नायतर ती लबाडी.

आणि सावल्या! अंधाऱ्या खोलीत उजेड मेणबत्तीचा, तर सावली मेणबत्तीपासून लांब पडणार. चार मेणबत्त्या म्हंजे चार सावल्या, कमीजास्त गडद. चित्रकारानं सवयीनं सावली उजवीकडं मारून दिली, तर एखादी तल्लख पोर बरोबर तिथं बोट ठेवणार आणि म्हणणार, ही सावली खोटी, हाच चोर. आणि तिचं म्हणणं खोडून काढायला तुमच्याकडं काय असतं? काही नाय. चित्रातली प्रत्येक रेघ ती पुरावा म्हणून वाचणार. अशी वाचक ज्याला मिळाली तो चित्रकार भाग्यवान आणि त्याची झोप उडालेली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. प्रत्येक रेघ पुरावा म्हणून वाचली जाणार असेल, तर चेहऱ्याची रेघ?

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रकाशकाचं असंच काम माझ्याकडं आलेलं. नाव सांगत नाय, नावानं काय फरक पडतो, सगळ्यांकडं कागद तोच असतो. पात्रांची यादी टाईप करून दिलेली. डिटेक्टिव मुलगा: गोरा, चष्मा, डोळ्यांत बुद्धीचं तेज. त्याचा मित्र: जाडा, विनोदी. संशयित पहिला: सावळा, दाढी वाढलेली, गळ्यात रुमाल, मागच्या झोपडपट्टीत राहणारा. कंसात लिहिलेलं, हाच चोर. मी विचारलं, साहेब, पहिल्या पानावर चोर कळला तर पुढची सात पानं पोरानं काय करायचं? ते म्हणाले, मुलांना ओळखायला सोपं गेलं पाहिजे. म्हटलं, मग याला रहस्यकथा कशाला म्हणता? त्यावर ते हसले आणि त्यांनी चहा मागवला. चहा मी प्यालो. काम घेतलं नाय. दोन महिने खोलीचं भाडं थकलं, पण ते असो. ते पुस्तक दुसऱ्या कुणी काढलं, छापलं, आणि पोरांनी वाचलंही असेल.

त्या कागदामागं केवढा मोठा इतिहास उभाय बघा. १८७६ साली इटलीत लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरनं पुस्तक लिहिलं की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो आणि ते त्याच्या जबड्यावरून, कानावरून, कपाळावरून ओळखता येतं. विज्ञान म्हणून हे खपलं. १९१३ साली इंग्लंडात चार्ल्स गोरिंगनं सुमारे ३,००० कैद्यांची मापं घेऊन, बाकीच्या माणसांच्या मापांशी ताडून सांगितलं की असा गुन्हेगाराचा वेगळा साचा सापडत नाय. लोंब्रोसो विज्ञानातून गेला. चित्रातून गेला का? कुठलंही कॉमिक उघडा, कुठलाही जुना सिनेमा लावा. तोच जबडा, तीच दाट भुवई, तोच काळा रंग.

आणि आपल्याकडं तर जबडा मोजायचीही गरज पडली नाय, जात पुरली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीत जन्मला की चोर. माणसांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, गाव सोडायचं तर परवाना. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. १९२४ च्या कायद्यात तर लिहूनच ठेवलं की नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घ्यावेत. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, तेव्हापासून ती माणसं विमुक्त. कागदावर. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाला तुरुंगाच्या नियमपुस्तकांतले जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द करावे लागले, आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरणारी भाषाही मोडून काढावी लागली. १९५२ ते २०२४. ७२ वर्षं ते शब्द नियमपुस्तकात पडून होते. आणि तुम्ही म्हणता पोरांच्या पुस्तकातलं चित्र ही बारीक गोष्ट!

नाकाचंही तेच. रिस्ली नावाच्या साहेबानं पट्ट्या लावून नाकं मोजली आणि सांगितलं की नाक जितकं रुंद तितकी जात खाली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये नाकांच्या मापांचेच तक्ते पुढ्यात घेऊन दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे ठरत नाहीत. मोजणाऱ्याचीच मापं, आणि मोजणाऱ्याचाच निकाल उलटा. मला विचाराल तर रहस्यकथा शिकायची असेल त्यानं ते प्रकरण वाचावं. पुरावा कसा उलटतपासायचा त्याचा तो नमुना आहे.

आता हे सगळं डोक्यात घेऊन मी संशयितांचे चेहरे काढायला बसलो. आधी एक गोष्ट मुद्दाम करून बघितली. बाजारातल्या साच्याप्रमाणं सहा चेहरे एका कागदावर काढले. एक गोरा चष्मेवाला, एक टाय लावलेला, एक साडीतल्या बाई, एक शाळकरी पोरगा, एक म्हातारा आणि एक काळा, दाढीवाला, फाटक्या बनियनवाला. गोष्ट नाय, पुरावा नाय, नुसते चेहरे. संध्याकाळच्या वर्गात पोरांपुढं ठेवले आणि विचारलं, यातला चोर कोण? सगळी बोटं एकाच चेहऱ्यावर गेली. एक पोरगं तर म्हणालं, हा तर आमच्या पप्पांसारखा दिसतो, आणि हसलं, आणि तरी बोट तिथंच ठेवलं.

मित्रांनो, मी गप्प बसलो. काय बोलणार? आपली पोरं, आपल्या वस्तीत, आपल्या वर्गात, आपल्या बापाकडं बोट दाखवून म्हणतात, चोर. हे त्यांना कुणी शिकवलं? आईनं नाय शिकवलं.

त्या दिवशी वर्कबुकाचा एक नियम पक्का झाला. प्रत्येक कोड्याच्या उत्तराला दोन रकाने: 'कोण?' आणि 'कशावरून?'. गुण फक्त दुसऱ्या रकान्याला. नाव बरोबर आलं आणि कशावरून ते सांगता आलं नाय, तर शून्य. नाव चुकलं पण सांगितलेला पुरावा खरोखर चित्रात असेल, तर अर्धे गुण. पहिल्या आठवड्यात पोरांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या आठवड्यात ती एकमेकांना धरायला लागली. मॉनिटर म्हणाला, याने माझं रबर चोरलं, की चारी बाजूंनी आवाज, कशावरून? कशावरून? मास्तरांच्या तोंडाला फेस आला.

एक प्रसंग सांगतो, मोठा करून सांगत नाय. समोरच्या सोसायटीत चोरी झाली. हवालदार वस्तीत आला आणि आमच्या गल्लीतल्या एका पोराला उचलायला लागला. वर्गातली एक पोर, असेल बारा वर्षांची, पुढं होऊन म्हणाली, काका, कशावरून? हवालदारानं तिच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं, आणि पोराला गाडीत घातलं. सकाळी सोडलं. कशावरून नेलं आणि कशावरून सोडलं, दोन्हीचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाय. वर्कबुकाच्या पाठी उत्तरं छापलेली असतात, तिथं नसतात.

इथं तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, मग सरळ शेटजीला चोर करा! प्रत्येक गोष्टीत जाडा शेट, बोटात अंगठ्या, डबा त्यानंच पळवला. पोरं टाळ्या वाजवतील. वाजवतीलच. पण हा साचा उलटा घातला तरी साचाच राहतो. तिसऱ्या गोष्टीपासून पोर पुरावा बघणं सोडून अंगठ्या बघायला लागेल. मला अंगठ्यांकडं बघणारं पोर नको, पावतीवरची तारीख बघणारं पोर पायजे. शेट चोर असेल तर तो त्याच्या वहीत सापडू दे. आपल्या वर्कबुकात आठ कोडी आहेत, आणि डबा घेणारा, खोटं बोलणारा, चूक करणारा प्रत्येक वेळी वेगळ्या अंगाचा, वेगळ्या कपड्यांचा आहे. दोन कोड्यांत तर चोरच नाय. खालच्या गल्लीला पाणी का येत नाय, हे एक कोडं. पोरांना वाटतं कुणीतरी नळ बंद करतंय. चित्रात गल्लीचा नकाशा आहे, चढ-उतार आहे, पाइपाची जाडी कुठं कमी झालीय ते आहे, आणि टाकीची वेळ लिहिलेली पाटी आहे. उत्तर नकाशात. माणूस पकडायची घाई झालेल्या पोराला ते सापडत नाय.

'भीमायन' तुम्ही पाहिलं असेल. २०११ सालचं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य काढलं. कॉमिकच्या चौकटी त्यांनी झुगारल्या, अंगणातल्या डिगण्याच्या नक्षीनं पानं बांधली. बोलण्याचे फुगेही वेगळे. साधं, प्रेमाचं बोलणं पाखराच्या आकारात, आणि विखारी बोलणं विंचवाच्या नांगीच्या आकारात. मी ते पान तासभर बघत बसलेलो. वाटलं, हे उचलावं. मग लक्षात आलं की रहस्याच्या पुस्तकात हे चालणार नाय. भीमायनात नांगी कुणाची हे लपवायचं कारणच नाय, पाणी नाकारणारा समोर उभाय. माझ्या पुस्तकात नांगी काढली की पोराला तपास करायला काही उरत नाय. ज्याचा गुन्हा शाबीत झालाय त्याला नांगी, ज्याचा व्हायचाय त्याला पाखरू. म्हणून माझ्या संशयितांचे फुगे सगळे सारखे गोल आहेत, दिसायला कंटाळवाणे. ते तसेच राहणार.

आता अंगठा. हे प्रकरण काढताना मला सगळ्यात मजा आली, म्हणून जरा सविस्तर.

रहस्याच्या पुस्तकात बोटांचे ठसे असतातच. आणि बहुतेक पुस्तकांत ठशांच्या शेजारी टोपीवाला, भिंग घेतलेला गोरा साहेब असतो. खरी गोष्ट कुठं घडली? बंगालात. १८५८ साली जंगीपूरला हर्शेल नावाच्या साहेबानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला, उद्या हा माणूस फिरला तर धरता यावा म्हणून. पुढं १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. हजारो ठसे गोळा झाले, पण त्यातून एक शोधायचा कसा? ते गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी. दहा बोटांतल्या चक्रांवरून कागद लावायचे १,०२४ खण, ३२ गुणिले ३२. आणि जगभर नाव काय झालं? हेन्री पद्धत. हेन्री त्यांचा साहेब. आपल्या वर्कबुकात त्या खणांच्या कपाटाचं पानभर चित्र आहे. मी खण मोजून काढलेत, एकही कमी नाय, आणि खाली प्रश्न आहे: न मोजता किती खण आहेत ते सांगा, आणि हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

मग पोरांचा स्वतःचा अंगठा. चक्र, शंख, कमान हे प्रकार ओळखायचे. ज्योतिषी यावरून नशीब सांगतो, आपण फक्त सारखा आहे की वेगळा ते बघायचं. भिंगाची गरज नाय, शाईच्या पॅडचीही नाय. कागदावर पेन्सिलीचं शिसं घासायचं, त्यावर बोट दाबायचं, वर सेलोटेप चिकटवून उचलायचं, पांढऱ्या कागदावर लावायचं. ठसा स्वच्छ येतो. पण एक भानगड आहे. शाईनं कागदावर उठवलेला ठसा आणि टेपवर उचललेला ठसा एकमेकांच्या उलटे असतात, आरशातल्यासारखे. शंखाचं तोंड एकात डावीकडं तर दुसऱ्यात उजवीकडं. चित्रकाराला हे ठाऊक नसलं, तर पोर आपलाच अंगठा परका ठरवून मोकळं होईल. म्हणून पुस्तकातले सगळे ठसे शाईचे, आणि टेपवाल्या खेळात टेपचा ठसा टेपच्याच ठशाशी ताडायचा. तसं ठळक छापलंय.

आणि मग सहावं कोडं, सावकाराचा कागद. आपल्या घरांत अंगठ्याचा इतिहास वेगळा आहे. पोलिसाच्या आधी सावकारानं अंगठा घेतला. निशाणी डाव्या हाताचा अंगठा, हे शब्द कितीतरी आज्यांच्या कागदांवर आहेत. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते कागदाचं दुखणं अंगठ्याहूनही जुनं. तर कोडं असं: म्हातारी म्हणते, मी दोनशे घेतले. कागदावर दोन हजार लिहिलेत, खाली तिचा अंगठा. सावकार म्हणतो, आकडा वाचून दाखवला, मग अंगठा घेतला. खरं कोण बोलतंय? चित्रात ठशाचा भाग मोठा करून दाखवलाय. आकड्याचं शेवटचं शून्य ठशाच्या कडेवर चढलंय. शून्याची रेघ ठशाच्या वर आहे की खाली? वर असेल तर आधी अंगठा, मग आकडा. म्हंजे कोऱ्या कागदावर अंगठा घेतलाय.

हे काळ्या शाईत, एकाच रंगात कसं दाखवायचं? दोन्ही काळंच. इथं मी तीन रात्री घालवल्या. शेवटी ठशाच्या रेघा शून्यापाशी येऊन तोडल्या, मधे केसाएवढी पांढरी फट सोडली, आणि शून्याची रेघ अखंड नेली. डोळ्याला बरोबर कळतं की शून्य वर बसलंय. शेजारी नमुन्याला दुसरा ठसा, ज्यात उलटं आहे. पोरांनी दोन्ही ताडून बघायचे. वर्गात हे कोडं दिलं तेव्हा एका पोरीनं ते घरी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तिची आजी स्वतः आली, पिशवीत जुना कागद घेऊन. त्यावरचा अंगठा आम्ही भिंगाखाली बघितला. आकडा लांब होता, ठशाला शिवतच नव्हता, त्यामुळं काही सांगता आलं नाय. आजी म्हणाली, सांगता येत नाय हे तरी पहिल्यांदा कुणी सांगितलं. आणि कागद घडी करून परत पिशवीत ठेवला.

छपाईचं थोडक्यात सांगतो, कारण इथं एकदोघं प्रेसवाले बसलेत. ६४ पानं, सोळाचे चार फॉर्म, मधे पिन. एकच काळा रंग, कागद स्वस्तातला. त्या कागदावर करडी छटा मारली की ती भरून काळी होते आणि पुरावा त्यात बुडतो. म्हणून सगळं काम शुद्ध रेघेत, अंधारसुद्धा आडव्याउभ्या रेघांनी विणलेला. पुरावा घडीत घालायचा नाय, पिनेजवळ पान नीट उघडत नाय. आणि पानाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात घालायचा नाय, तिथं पोराचा अंगठा असतो. हे मला कुणा पुस्तकानं सांगितलं नाय, पोरं वाचताना शेजारी बसून कळलं.

एक मोठा वाद झाला तो वर्कबुक या शब्दावरूनच. वर्कबुक म्हंजे त्यातच लिहायचं, रिकाम्या जागा भरायच्या. चांगल्या घरात पोर भरतं आणि रद्दीत जातं. आपल्याकडं थोरल्याचं पुस्तक धाकट्याला, धाकट्याचं शेजारच्याला. भरलेलं वर्कबुक मिळालेल्या पोराच्या नशिबी काय? दुसऱ्याची उत्तरं. त्याच्यासाठी रहस्य आधीच फुटलेलं. म्हणून आपल्या वर्कबुकात रिकामी जागाच नाय. जिथं लिहायचं तिथं छोट्या वहीचं चित्र, म्हंजे तुझ्या वहीत लिही. चित्रावर खूण करायची असेल तर वर पातळ बटर पेपर ठेवायचा. माझ्या एका मित्राचं म्हणणं पडलं की पोराला पुस्तकात लिहायचा हक्क असला पायजे, ते त्याचं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं खोटं नाय. पण पुस्तक एक आणि पोरं पाच असली की तो हक्क पहिल्यालाच मिळतो. दुसऱ्या आवृत्तीला पैसे जमले तर प्रत्येकाला एक प्रत देऊ, मग खुशाल लिहा, फाडा, विमानं करा.

पाठीमागच्या उत्तरांतही नावं नाहीत. तिथं फक्त 'पान १८, बशीकडे बघा', 'पान ४१, शेवटचं शून्य' एवढंच. पळवाट काढून मागं गेलेल्या पोरालाही परत चित्राकडंच यावं लागतं.

आठपैकी सहा कोडी काढून झालीत. सातव्याचं कच्चं काम टेबलावर आहे, आठवं अजून सुचायचंय. हातात पेन्सिल धरता येते अशांनी रविवारी दुपारी वर्गात यावं. मला गर्दीची पानं काढायला माणसं कमी पडतायत. बाजाराचं दृश्य आहे, साठेक चेहरे लागणार, आणि एका हातानं काढले की सगळे एकमेकांचे भाऊ दिसायला लागतात. टू बी पेन्सिल आणा. रबर माझ्याकडं आहे.